वाफेवरच्या ट्रॉलरचं किट : डेक आधी की बॉयलर आधी?

दर्याकिनारी
१:३२ मापाच्या ट्रॉलरचं (जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीचं) किट बांधायला घेतलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या कॅसल वर्गाच्या ट्रॉलरवर बेतलेलं. फायबरग्लासचा तयार हल (बोटीचं अंग), सुमारे १२० सेंमी लांब आणि २२ सेंमी रुंद. डेक आणि केबिनसाठी कापलेला प्लाय, विंच, गॅलोज (जाळं टांगायच्या कमानी), बोलार्ड (दोर बांधायचे खुंट), व्हेंटिलेटर सगळं ओतीव. यंत्र मात्र किटमध्ये नाही. त्यासाठी स्टुअर्टचं डी-१० ठरवलं आहे: दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही पाऊण इंच, रिव्हर्स गिअरसह.

पुस्तिका सांगते की आधी डेक चिकटवा, मग केबिन करा आणि शेवटी मोटर बसवा. ती इलेक्ट्रिक मोटर गृहीत धरूनच लिहिलेली दिसते. वाफेसाठी हाच क्रम पाळायचा की उलटा? आणि बॉयलर उभा घ्यावा की आडवा?

बंबवाला
डेक अजिबात चिकटवू नका. मोटर सेलोटेपच्या रिळाएवढ्या भोकातूनही आत जाते. बॉयलर, इंजिन, ल्युब्रिकेटर (वाफेत तेल सोडणारी डबी), तेल-पाणी अडवणारी सेपरेटरची डबी, गॅसची टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या तशा जात नाहीत. एकदा आत बसवलं की काम संपलं, असंही नाही. दर फेरीनंतर ल्युब्रिकेटर आणि सेपरेटर रिकामे करावे लागतात, नट पुन्हा आवळावे लागतात. जिथे पाना फिरत नाही तिथला जोड गळणारच, कारण तो कधी नीट आवळलाच जात नाही.

बॉयलर आडवा घ्या. आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. मधून धुराची नळी, भोवती पाणी, हाच उभ्या बॉयलरचा आराखडा. अंगणात तो उत्तम, पण बोटीत त्याचं पाणी वर राहतं आणि वजन वर गेलं की बोट डुलते.

पितळी_नळी
@बंबवाला, वजनाचं बरोबर, पण अर्धीच बाजू आली. आडव्या बॉयलरमध्ये पाण्याचा पृष्ठभाग लांबट असतो. नाळ (बोटीचं पुढचं टोक) उचलली गेली की पाणी मागे धावतं आणि पुढच्या टोकाला आगीची नळी उघडी पडू शकते. काचेच्या नळीतली पातळीही तेवढ्यापुरती खोटी दिसते. उभ्या बॉयलरमध्ये हा त्रास कमी. २२ सेंमी रुंदीच्या हलमध्ये १० सेंमी व्यासाचा उभा बॉयलर खाली टेकवून बसवला आणि दोन्ही बाजूंना शिसं घातलं तर तोही चालतो.

तरी या बोटीला आडवाच मी सुचवेन, फक्त पाणी अर्ध्याच्या खाली कधी जाऊ द्यायचं नाही.

आकडेमोड
बॉयलर केवढा हवा, हे आधी बघू. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी. एका स्ट्रोकला साधारण ५.४ घनसेंमी वाफ लागते. डबल अ‍ॅक्टिंग (वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते) म्हणून दुप्पट आणि दोन सिलिंडर म्हणून पुन्हा दुप्पट, म्हणजे एका फेऱ्याला जवळपास २२ घनसेंमी. मिनिटाला ५०० फेरे धरले तर ११ लिटर वाफ. इंजिनपाशी गेजवर (दाबमापकावर) २ बार असताना एक लिटर वाफेचं वजन १.६५ ग्रॅम. म्हणजे मिनिटाला १८ ग्रॅम पाणी. थंड सिलिंडरवर वाया जाणारी वाफ धरून २० समजा.

२० मिनिटांच्या फेरीला ४०० मिली *वापरता येणारं* पाणी हवं. बॉयलर पाऊण भरायचा आणि अर्ध्यावर थांबायचं, तर एकूण आकारमान दीड लिटरच्या पुढे जातं. एवढा मोठा नको असेल तर चालू बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा फीड पंप लावा. मग एक लिटरचा बॉयलर पुरतो.

उष्णतेचाही हिशोब लागतो. मिनिटाला २० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ९०० वॅट बॉयलरच्या आत पोचायला हवेत. अर्ध्याहून थोडी जास्त उष्णता कामी येते असं धरलं तर बर्नर १६०० वॅटच्या आसपासचा हवा. मिनिटाला दोन ग्रॅमच्या वर ब्यूटेन जळेल. २० मिनिटांना ४२ ग्रॅम, म्हणजे ७० ते ७५ मिली द्रव. गॅसची टाकी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नसते, म्हणून १०० मिलीची घ्या.

नाळेवरून
वाचनखूण साठवली. हेच १:४८ च्या किटमध्ये बसेल का? घरात १२० सेंमीला जागा नाही.

आकडेमोड
@नाळेवरून, हे इंजिन नाही बसणार. लांबी मापाच्या पटीत कमी होते, वजन मापाच्या घनात. खरं जहाज ५०० टनांचं धरा. १:३२ ला ३२ चा घन ३२,७६८, म्हणून मॉडेल १५ किलोंचं. १:४८ ला घन १,१०,५९२, म्हणून फक्त साडेचार किलो. लांबी १२० वरून ८० सेंमी होते, पण उचलायची ताकद तिपटीहून जास्त घटते. इंजिन, भरलेला बॉयलर आणि टाकी यांतच तेवढं वजन संपेल, हल आणि डेक बाजूलाच राहिले. १:४८ ला लहान ऑसिलेटिंग (सिलिंडरच डुलणारं) इंजिन आणि पाव लिटरचा बॉयलर बघा.

सागवानी
डेक उघडा ठेवा, हे सगळे सांगताहेत. एक धोका कुणी सांगितला नाही. फायबरग्लासचा हल डेकशिवाय उघड्या खोक्यासारखा असतो. महिनाभर तसाच ठेवून आत वजनं घातलीत तर कडा बाहेर फाकतात. नंतर डेकचा प्लाय टेकवला की एका बाजूला तीन-चार मिमी फट दिसते. ती पुट्टीने भरली तर पहिल्या उन्हात तडकते.

उपाय सोपा आहे. डेक नको, पण डेकखालचे आडवे बीम आणि कडेची पट्टी पहिल्याच आठवड्यात बसवा. पट्टी सागाची ६ × ६ मिमी, इपॉक्सीने चिकटवून कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवा. चिकटवण्याआधी हल आतून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, नाहीतर मेणाचा थर राहतो आणि पट्टी सोलून निघते. बॉयलर जिथून उतरवायचा तिथले दोन बीम स्क्रूने काढता-घालता येतील असे ठेवा. आकार टिकतो आणि वाटही मोकळी राहते.

इंजिनखालचे बेअररही सागाचेच. प्लायच्या कडा वाफ पितात.

दर्याकिनारी
@सागवानी, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच पट्टी कापतो.
@आकडेमोड, गॅसचं विचारायचं होतं. टाकी घरच्या सिलिंडरवरून भरता येईल का? लायटरचे डबे महाग पडतात.

निळी_ज्योत
नाही. कधीच नाही. हे ठळक अक्षरांत घ्या.

घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं. मॉडेलच्या बहुतेक टाक्या ब्यूटेनसाठी बनवलेल्या असतात. २० अंशांना शुद्ध ब्यूटेनचा दाब गेजवर जेमतेम १.१ बार, प्रोपेनचा ७.४. आता आपल्याकडचा मे महिना घ्या. ४० अंशांना ब्यूटेन पावणेतीन बारवर जातं, प्रोपेन साडेबाराच्या पुढे. त्यातून टाकी बॉयलरशेजारी. टाकीवर जो गॅस लिहिला असेल तोच भरा, भरताना बोट उघड्यावर ठेवा, जवळपास ज्योत नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड. स्वयंपाकघरात गळलेला गॅस दाराखालून तरी निघून जातो, हलला खाली दारच नसतं. गळलेला गॅस पठाणाशी (बोटीच्या तळाच्या कण्याशी), बॉयलरच्या खाली, पाण्यासारखा साचून राहतो. म्हणून भरण्याचा व्हॉल्व्ह बोटीच्या बाहेर टाकी काढून वापरता येईल असा ठेवा. पेटवण्याआधी केबिन काढून पुठ्ठ्याने आत जोरात वारा घाला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर त्या दिवशी बोट पाण्यात नाही.

बर्नर पिवळा जळत असेल तर हवा कमी पडते आहे. किटमधले व्हेंटिलेटर ओतीव आणि भरीव असतात, ते आरपार भोक पाडून खरे करा. इंजिन केसिंगवरचे स्कायलाइट उघडे दाखवा. खऱ्या ट्रॉलरवरही खालच्या भट्टीला हवा याच व्हेंटिलेटरांतून मिळायची, त्यामुळे दिसायलाही ते खोटं वाटत नाही.

बर्नरचं जेट तुंबलं तर तार घालू नका. भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. थिनरमध्ये बुडवून उलट बाजूने फुंकर मारा.

तिसरी_शिट्टी
थोडक्यात, घरचा कुकरच, फक्त शिट्टीऐवजी बोटीचा पंखा फिरवणारा :)

बंबवाला
@तिसरी_शिट्टी, तुलना चांगली आहे, फक्त आकडा लक्षात असू द्या. कुकरची शिट्टी साधारण १ बारला उचलते. हा बॉयलर ३ ते ४ बारवर चालतो आणि ४ बारला आतलं पाणी १५२ अंशांवर असतं.

म्हणून चाचणी. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने तपासायचा, ४ बारचा असेल तर ८ ला. नंतरच्या तपासण्या दीडपटीने. चाचणी वाफेने किंवा हवेने करायची नाही, थंड पाण्याने करायची. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका. दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात, पाण्याचा दाब एका थेंबासरशी उतरतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज काढून तिथे बूच लावा. प्लंबर नळ तपासायला वापरतात तो हातपंप यासाठी पुरतो. दाब १५-२० मिनिटं टिकला आणि कुठे फुगवटा दिसला नाही की पास.

घरी बॉयलर बनवायचा विचार असेल तर साधं शिश्याचं सोल्डर दाबाच्या कुठल्याही जोडाला चालत नाही. ते १८३ अंशांना वितळायला लागतं आणि पाणी संपलं तर बॉयलर तिथवर सहज पोचतो. ५५ टक्के चांदीचं सिल्व्हर सोल्डर घ्या, ते ६३० ते ६६० अंशांदरम्यान वितळतं. सोनाराची झाळ जशी तापवलेल्या भागाकडे आपोआप धावते तशी ही धावते. पण पूर्ण बॉयलर एकसारखा तापला तरच. एका गॅस-टॉर्चने एक लिटरचा बॉयलर तापत नाही, दोन लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने तयार, चाचणी-प्रमाणपत्राचा घ्यावा.

नाळेवरून
एवढा खटाटोप करण्यापेक्षा ब्रशलेस मोटर आणि धुराचं यंत्र बसवलं तर? काठावरून फरक कुणाला कळणार?

पितळी_नळी
कळतो. मोटर चालू केली की पंखा लगेच पूर्ण वेगाने फिरतो. वाफेचं इंजिन थंड असताना आधी थुंकतं. ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी काढायच्या तोट्या) उघडे ठेवून हाताने फ्लायव्हील फिरवलं की दुधाळ, तेलकट पाण्याचे थेंब फटफट बाहेर पडतात. मग थेंबांत वाफ मिसळते, मग पांढरा फवारा, आणि सिलिंडर तापला की फवाऱ्याचा उगम दिसेनासा होतो, कारण खरी वाफ अदृश्य असते. त्यानंतर कॉक बंद केले की इंजिन हळूच स्वतःहून फिरायला लागतं. डी-१० चे दोन क्रँक ९० अंशांवर असल्यामुळे ते कुठल्याही स्थितीत सुरू होतं. हे बघायलाच तर वाफेचा ट्रॉलर बांधायचा.

याच वेळी एक गोष्ट मोडू शकते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडर पाण्याने भरलेला असताना एकदम वाफ सोडली तर पिस्टन पाण्यावर आदळतो. डी-१० ला वाफ आत-बाहेर सोडणारा सपाट स्लाइड व्हॉल्व्ह आहे. तो दाबाने जागेवरून थोडा उचलला जातो आणि पाणी निसटतं. पिस्टन व्हॉल्व्हच्या इंजिनात ती सोय नसते, तिथे क्रँक वाकतो. म्हणून हाताने चार-पाच फेरे फिरवल्याशिवाय थ्रॉटल उघडायचा नाही.

इंजिन आणि शाफ्टची रेषा जुळवताना लवचिक कपलिंग लावू नका, ते चूक लपवतं. आधी शाफ्टच्या मापाची पितळी नळी दोघांवर सरकवा. इंजिनाच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालत जा, नळी बोटाने पुढे-मागे सरकायला लागेपर्यंत. मग बेअररला भोकं पाडा. लवचिक कपलिंग त्यानंतर.

ल्युब्रिकेटर इंजिनाच्या अगदी जवळ बसवा. त्यात शिरलेली वाफ थंड होऊन पाणी होते, पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन वाफेत मिसळतं. तेल स्टीम सिलिंडरचंच हवं, ४६० ग्रेडचं. मोटरसायकलचं तेल या उष्णतेला पातळ होऊन वाहून जातं. फेरी संपल्यावर तळाचा स्क्रू उघडून पाणी काढायचं, वरून तेल भरायचं. हे एकदा राहिलं की पुढच्या फेरीला सिलिंडरला फक्त पाणी मिळतं.

विहिरीकाठी
पाणी कुठलं वापरायचं? डिस्टिल्ड की साधं?

निळी_ज्योत
बोअरवेलचं नको. मराठवाड्यातल्या पाण्याचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर बघितला असेल, तोच बॉयलरच्या नळ्यांवर बसतो. मुंबईचं तलावाचं पाणी मृदू, ते गाळून चालतं.

बंबवाला
मी आरओचं म्हणेन. पूर्ण डीआयोनाइज्ड पाणी पितळेतलं जस्त हळूहळू ओढून घेतं आणि फिटिंग ठिसूळ होतात, त्यामुळे तेही निव्वळ नको. पाण्याखाली राहणारी फिटिंग पितळेऐवजी ब्राँझची असतील तर उत्तम. सेपरेटरमध्ये जमलेलं पाणी मात्र परत बॉयलरमध्ये टाकू नका. त्यात तेल असतं, बॉयलर फेसाळतो आणि वाफेबरोबर पाणीच इंजिनाकडे जातं. ते तळ्यातही ओतायचं नाही, बाटलीत घरी न्यायचं.

जुनी_बंदरं
थोडं विषयांतर. वाफेचे ट्रॉलर ब्रिटनमधले, ग्रिम्सबी, हल (हे शहर), अ‍ॅबर्डीन, फ्लीटवूडचे. पण यांतला एक आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेला. १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या ट्रॉलरने मुंबईसमोरच्या समुद्रात मासळीची पाहणी केली होती. त्याआधी १९०८-०९ मध्ये 'गोल्डन क्राउन'ने बंगालच्या उपसागरात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने सुरुंग काढायला ट्रॉलर बांधून घेतले ते तीन नमुन्यांचे: स्ट्रॅथ सर्वांत लहान, कॅसल मधला, मर्सी मोठा. कॅसल १२५ फूट. त्यांना नावं दिली ती ट्रफाल्गरच्या लढाईतल्या 'व्हिक्टरी' आणि 'रॉयल सॉव्हरिन' जहाजांवरच्या खलाशांची. युद्धानंतर अनेक मासेमारीला गेले. त्यामुळे धागाकर्त्याने आधी ठरवावं, नौदलाची बोट की मासेमारीची. तोफ आणि गॅलोज एकत्र दिसले तर जाणकाराला खटकतं. नाळेवरची अक्षरंही बंदराप्रमाणे बदलतात: ग्रिम्सबीला जीवाय, हलला एच, फ्लीटवूडला एफडी.

दर्याकिनारी
मासेमारीचीच. ग्रिम्सबी.
आता मूळ प्रश्नाकडे. वरचं सगळं वाचून असा क्रम लावला आहे: स्टर्न ट्यूब (पंख्याचा शाफ्ट बाहेर जायची मागची नळी) आणि सुकाणू, कडेची पट्टी आणि बीम, बेअरर आणि इंजिन, बॉयलर, नळ्या, बाहेर टेबलावर एकदा वाफ, मग सगळं काढून डेक. बरोबर?

सागवानी
एक पायरी राहिली. डेकच्या आधी पाण्यात टाका. बाथटब नसेल तर गच्चीवर प्लास्टिक अंथरून विटांचा हौद करा. बॉयलर आणि गॅस टाकी भरलेली, केबिनच्या जागी तेवढ्याच वजनाची पुडी. मग छर्रे पिशव्यांत भरून पाण्याची रेषा जुळेपर्यंत सरकवत राहा. डेक बसल्यावर शिसं हवं तिथे जात नाही. छर्रे लगेच चिकटवू नका, फेरी संपल्यावर बोट जवळपास अर्धा किलो हलकी होते, दोन्ही अवस्था बघा.

प्लायला खालून इपॉक्सीचे दोन हात द्या. वरून कितीही रंगवलात तरी वाफ खालून येते. उघडण्याभोवती १० ते १२ मिमी उंच कडा करा, केबिन त्यावर टोपीसारखी बसली पाहिजे.

निळी_ज्योत
बॉयलर आणि हल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, हलपासून ५ मिमी सुटा. फायबरग्लासचं पॉलिएस्टर ७० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. धुरांड्यातही आत पितळी नळी आणि बाहेर किटचं धुरांडं, मध्ये हवा. सर्व्हो (रेडिओवर सुकाणू-थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरी) बॉयलरच्या मागे नकोत, पुढच्या फिश होल्डमध्ये ठेवा. आणि रिसिव्हरचा सिग्नल तुटला तर थ्रॉटल बंद होईल असं फेलसेफ आधीच लावून घ्या.

पितळी_नळी
क्रम बरोबर आहे. फक्त टेबलावर वाफ करण्याआधी पंखा लावून बघा. इंजिन मोकळं असताना जोरात पळतं, त्यावरून काहीच कळत नाही. ७५-८० मिमी व्यासाचा, जास्त पिचचा चार पात्यांचा पंखा बादलीत फिरवला आणि ४००-५०० फेरे मिळाले तर बॉयलर पुरतो आहे.

सागवानी
आणि बुलवर्कमधली (डेकभोवतीच्या कठड्यातली) पाणी जायची भोकं किटमध्ये नुसती रेघ मारून दाखवलेली असतात. ती खरी कापा. डेकवर आलेलं अर्धा लिटर पाणी बाहेर गेलं नाही तर बोट वळताना ते एका बाजूला धावतं, आणि १५ किलोचा ट्रॉलर तेवढ्याने कलंडतो.

दर्याकिनारी
कापतो. ३ मिमीची कानस आहे. प्रत्येक बाजूला किती?

जुनी_बंदरं
किटच्या नकाशावर आखलेली सगळी. डाव्या बाजूची आधी करा. ग्रिम्सबीचे ट्रॉलर जाळं सहसा उजव्या बाजूने टाकत, त्यामुळे तिकडे गॅलोजचे पाय कुठे येतात ते बसवून पाहिल्याशिवाय कानस लावू नका.